वाचकांचे प्रश्न : ताकदीच्या गोळ्या किती आणि किती दिवस?

मागच्या अंकात ड जीवनसत्त्वाच्या कमतरतेविषयी लिहिले होते. त्यावर आलेल्या पत्रांतील निम्म्याहून अधिक पत्रे कमतरतेची नसून तिच्या उलट टोकाची आहेत, हे वाचून मी अस्वस्थ झालो. गोळी कोणी सुरू केली हे बहुतेकांना नीट आठवते. ती बंद कधी करायची होती हे मात्र फारसे कोणाला सांगता आलेले नाही. म्हणून या वेळी तेवढीच पत्रे घेतली आहेत.

प्रश्न : माझे वडील ७१ वर्षांचे आहेत. गुडघेदुखीसाठी दाखवले तेव्हा डॉक्टरांनी ड जीवनसत्त्वाची पुडी आठवड्यातून एकदा दुधातून, अशी आठ आठवडे लिहून दिली होती. दोन-तीन पुड्यांनंतर वडिलांना बरे वाटले, म्हणून त्यांनी मेडिकलमधून स्वतःच पुड्या आणून रोज एक घ्यायला सुरुवात केली. त्याला आता दीड महिना झाला. मध्यंतरी गावातल्या दुसऱ्या डॉक्टरांकडून ‘हाडांचे इंजेक्शन’ही घेतले आणि कॅल्शियमची गोळी तर रोज चालूच आहे. पंधरा दिवसांपासून त्यांची अन्नावरची वासना उडाली आहे, मळमळते, पोट साफ होत नाही, तहान भागत नाही, रात्री चार-पाच वेळा लघवीला उठावे लागते आणि दिवसा ते झोपाळल्यासारखे पडून असतात. घरात सगळे म्हणतात की ऊन बाधले. गोळ्या चालू ठेवाव्यात का? — एक वाचक, औसा तालुका, जि. लातूर

उत्तर : छापील उत्तराची वाट पाहण्यासारखी ही गोष्ट नव्हती. त्यामुळे पत्रातील क्रमांकावर मी त्याच दिवशी फोन केला आणि पुड्या, कॅल्शियम दोन्ही थांबवून वडिलांना लगेच रुग्णालयात न्यायला सांगितले. असेच चित्र दुसऱ्या एखाद्या घरात असू शकते, म्हणून ते येथे सविस्तर लिहितो.

प्रथम हिशेब पाहू. प्रौढ माणसाची ड जीवनसत्त्वाची रोजची गरज सुमारे ६०० एकके असते. बाजारात मिळणाऱ्या पुडीत किंवा मऊ कॅप्सूलमध्ये सहसा ६०,००० एकके असतात, म्हणजे एका पुडीत शंभर दिवसांची गरज भरलेली असते. कमतरता असेल तेव्हा ती भरून काढण्यासाठी आठवड्याला एक याप्रमाणे आठ पुड्या देतात. त्यांची बेरीज ४ लाख ८० हजार होते. आपल्या वडिलांनी पंचेचाळीस दिवस रोज एक पुडी घेतली, म्हणजे २७ लाख एकके पोटात गेली. ‘हाडांचे इंजेक्शन’ म्हणून जे मिळते त्यात बहुधा ६ लाख एकके असतात. ती धरली तर ३३ लाख. डॉक्टरांनी जेवढे लिहून दिले होते त्याच्या जवळजवळ सातपट औषध, तेही वेगवेगळ्या हातांनी, शरीरात गेले. वैद्यकीय देखरेखीशिवाय रोज घेण्याची वरची मर्यादा ४,००० एकके मानली जाते. रोजची एक पुडी त्या मर्यादेच्या पंधरापट आहे.

आता हे अंगावर कसे येते ते सांगतो. ड जीवनसत्त्व आतड्यांतून कॅल्शियम शोषून घ्यायला लावते आणि अतिरेक झाला की हाडांतलेही कॅल्शियम रक्तात ओढते. रक्तातील कॅल्शियम साधारण ८.५ ते १०.५ मिलिग्रॅम प्रति डेसीलिटर एवढेच असावे लागते. ते वाढले की भूक मरते, उलट्या होतात, बद्धकोष्ठ होतो, अंग गळून जाते आणि वाढतच राहिले तर माणूस गोंधळतो, गुंगीत जातो, हृदयाचे ठोके बिघडतात. मूत्रपिंडाचे नुकसान त्याहून गुपचूप चालते. वाढलेल्या कॅल्शियममुळे मूत्रपिंडाला पाणी राखून ठेवता येत नाही. लघवी वाढते, शरीर कोरडे पडते, आणि कोरडे पडलेल्या शरीरात कॅल्शियम आणखी चढते. हे चक्र मे महिन्यात, ४२-४३ अंशांच्या उन्हात आणि पाण्याच्या टंचाईत सुरू झाले तर ते किती वेगाने फिरत असेल याची कल्पना करावी. ‘ऊन बाधले’ हा घरच्यांचा समज म्हणूनच घातक ठरू शकतो, कारण लक्षणे खरोखरच उन्हाच्या त्रासासारखी दिसतात.

अशा वेळी रक्तातील कॅल्शियम, मूत्रपिंडाचे काम दाखवणारे क्रिएटिनिन आणि ड जीवनसत्त्वाची पातळी या तपासण्या लागतात, शिवाय हृदयाचा आलेखही काढतात. ड जीवनसत्त्वाची पातळी मिलिलिटरला १५० नॅनोग्रॅमच्या वर गेली तर विषबाधा गृहीत धरली जाते. मात्र कॅल्शियम वाढण्याला गळ्यातील पॅराथायरॉइड ग्रंथींचे आजार आणि काही कर्करोगही कारणीभूत असतात. तेव्हा पुड्यांचा इतिहास सापडला म्हणून बाकीचा शोध सोडून देऊ नये. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी काही औषधे कॅल्शियम आणखी वाढवतात आणि हृदयासाठी डिगॉक्सिन चालू असेल तर धोका अधिक असतो, म्हणून घरातील सगळ्या गोळ्या एका पिशवीत घालून डॉक्टरांसमोर ओतणे हे सर्वांत उपयोगाचे. उपचारात सलाईन आणि कॅल्शियम उतरवणारी औषधे देतात. ड जीवनसत्त्व चरबीत साठून राहते, त्यामुळे पुड्या आज थांबवल्या तरी परिणाम कित्येक आठवडे, कधी काही महिने टिकतो. दोन दिवसांत बरे वाटले तरी तपासण्या पुन्हा पुन्हा कराव्या लागतील.

याच पत्रात शेवटी विचारले आहे की, उन्हातही ड जीवनसत्त्व मिळते, तर दिवसभर रानात राबणाऱ्यांना विषबाधा का होत नाही? प्रश्न फार चांगला आहे. उन्हामुळे त्वचेत तयार होणारे जादा द्रव्य त्याच उन्हाने निरुपयोगी रूपात बदलते, म्हणून त्वचा गरजेपलीकडे जात नाही. तोंडाने घेतलेल्या पुडीला असा कोणताही दरवाजा नसतो. आणखी एक गैरसमज येथेच दूर करतो : सकाळच्या कोवळ्या उन्हात ड जीवनसत्त्व अगदी थोडे तयार होते, कारण त्याला लागणारे किरण सूर्य वर आल्यावरच पुरेसे पोहोचतात. हिवाळ्यात दहा-अकराच्या सुमारास हातपाय उघडे ठेवून थोडा वेळ उन्हात बसणे चांगले. चैत्र-वैशाखात दुपारचे ऊन घेण्याचा सल्ला मी मराठवाड्यात कोणालाही देणार नाही.

प्रश्न : माझी मुलगी लातूरला वसतिगृहात राहून नीटची तयारी करते. केस गळतात म्हणून मैत्रिणींनी सांगितलेल्या बायोटिनच्या गोळ्या ती चार महिन्यांपासून घेते, सोबत एक मल्टिव्हिटॅमिन आणि ‘स्मरणशक्तीची’ म्हणून आणखी एक कॅप्सूल आहे. थकवा वाटतो म्हणून थायरॉइडची तपासणी केली तर थायरॉइड वाढल्याचे आले. वजन घटलेले नाही, धडधड नाही. औषध सुरू करावे का? — एक आई, परभणी

उत्तर : औषध सुरू करण्यापूर्वी बायोटिन थांबवून तपासणी पुन्हा करून घ्यावी, हे आपल्या डॉक्टरांना आवर्जून सांगा. बायोटिन हे ब गटातील एक जीवनसत्त्व आहे आणि त्याची रोजची गरज ३० ते ४० मायक्रोग्रॅम असते. केसांसाठी विकल्या जाणाऱ्या गोळीत ५,००० किंवा १०,००० मायक्रोग्रॅम असते. एवढ्या मात्रेने शरीराला थेट इजा होते असे नाही, पण रक्ततपासणीची काही यंत्रे आपल्या रासायनिक क्रियेत बायोटिनचाच उपयोग करतात, त्यामुळे रक्तातील जादा बायोटिन त्या यंत्राला फसवते. थायरॉइडला चालना देणारे टीएसएच खोटे कमी आणि थायरॉइडची स्वतःची संप्रेरके टी-३, टी-४ खोटी जास्त दिसतात. म्हणजे ठणठणीत मुलीचा अहवाल थायरॉइड वाढलेल्या रुग्णासारखा येतो. हृदयविकाराच्या झटक्यासाठी करतात ती ट्रोपोनिनची तपासणी याच कारणाने खोटी कमी येऊ शकते, आणि तेथे चुकीची किंमत फार मोठी आहे. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ मध्ये आणि पुन्हा २०१९ मध्ये याबद्दल सावध केले होते. सगळ्या प्रयोगशाळांची पद्धत एकच नसते, त्यामुळे आपल्या मुलीचा अहवाल खोटाच आहे असे मी येथे बसून म्हणणार नाही. गोळी किमान तीन दिवस थांबवून, शक्य तर आठवडाभर, मग रक्त द्यावे.

केस गळण्याविषयी मुलीशी शांतपणे बोला. टायफॉइड, डेंग्यू यांसारख्या तापानंतर दोन-तीन महिन्यांनी केस गळतात, लोह कमी असेल तर गळतात, जागरण आणि अर्धपोटी राहण्यानेही गळतात. बायोटिनची खरी कमतरता फार क्वचित असते. उलट काही जीवनसत्त्वे आणि क्षार जास्त झाल्यानेच केस गळतात, हे तिला सांगा. अ जीवनसत्त्व आणि सेलेनियम ही त्यांतली ठळक नावे आहेत, आणि ती दोन्ही तिच्या त्या दोन गोळ्यांत असण्याची शक्यता बरीच आहे. २००८ साली अमेरिकेत एका द्रवरूप पूरक औषधात चुकून सेलेनियम लेबलापेक्षा सुमारे दोनशे पट पडले होते. ते घेतलेल्या दोनशेहून अधिक लोकांना जुलाब, केस गळणे, नखे ठिसूळ होणे असे त्रास झाले. ते लोकही तब्येत सुधारावी म्हणूनच ते घेत होते.

हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (शरीरातील लोहाचा साठा) तपासून घ्या. मेसच्या जेवणात डाळ पातळ असेल तर घरून शेंगदाण्याची आणि जवसाची चटणी, भाजलेले फुटाणे असे पाठवा. स्मरणशक्ती वाढवणारी कॅप्सूल मात्र बंद करायला माझी काहीच हरकत नाही. चांगले जेवणाऱ्या मुलीची स्मरणशक्ती कोणत्याही जीवनसत्त्वाने वाढत नाही, आणि परीक्षेच्या धास्तीतल्या मुलांना असे काही विकले जाते याचे मला मनापासून वाईट वाटते.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक असून मधुमेही आहे. पायांना मुंग्या येतात म्हणून ‘नसांची गोळी’ तीन वर्षांपासून घेतो आहे. अलीकडे मुंग्या वाढल्या म्हणून मी दोन गोळ्या सुरू केल्या. ब जीवनसत्त्व लघवीवाटे निघून जाते, त्यामुळे त्याचा अपाय नसतो असे ऐकले आहे. ते खरे आहे ना? — एक वाचक, हिंगोली

उत्तर : ते अर्धेच खरे आहे. लघवी गडद पिवळी होते ती ब-२ मुळे, आणि ते खरोखर निघून जाते. ब-६ चे मात्र तसे नाही. त्याची गरज दिवसाला सुमारे दोन मिलिग्रॅम आहे, आणि मोठ्या मात्रेत दीर्घकाळ घेतले तर ते नसांनाच इजा करते. दिवसाला काही ग्रॅम घेणाऱ्या सात रुग्णांचा वृत्तांत १९८३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांच्या हातापायांची संवेदना गेली होती आणि चालताना तोल जात होता. पुढे कमी मात्रेवरही त्रास झाल्याच्या नोंदी होत गेल्या. अमेरिकेत वरची मर्यादा १०० मिलिग्रॅम धरतात. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०२३ मध्ये ती १२ मिलिग्रॅमपर्यंत खाली आणली. नसांच्या गोळ्यांत हे प्रमाण पट्टीगणिक बदलते, तेव्हा आपल्या पट्टीवर ‘पायरिडॉक्सिन’ (म्हणजेच ब-६) या नावापुढचा आकडा पाहा आणि त्याला दोनाने गुणा.

आपल्या बाबतीत पेच असा की मुंग्या येण्याची तीन कारणे एकाच पायात असू शकतात : मधुमेह, ब-१२ ची कमतरता आणि ब-६ चा अतिरेक. मधुमेहाची मेटफॉर्मिन ही गोळी वर्षानुवर्षे घेणाऱ्यांत ब-१२ कमी होते आणि शाकाहारी माणसात ते मुळातच कमी असते. म्हणून ब-१२ तपासून ते कमी असेल तर भरून काढलेच पाहिजे, पण ते एकट्याचे घेता येते. नुसते फॉलिक ॲसिड मोठ्या मात्रेत घेऊ नका, कारण त्याने रक्त सुधारलेले दिसते आणि ब-१२ अभावी नसांची झीज आत चालूच राहते. दुसरी गोळी आजच थांबवा, पहिलीबद्दल डॉक्टरांना पट्टी दाखवून ठरवा. ब-६ मुळे झालेली इजा गोळी थांबवल्यावर सहसा हळूहळू भरून येते, त्याला महिने लागतात. क्षयरोगाच्या औषधांबरोबर ब-६ ची गोळी दिलेली असेल तर ती कोणीही हे वाचून बंद करू नये. तेथे ती नसांचे रक्षण करण्यासाठीच असते.

प्रश्न : मी आशा कार्यकर्ती आहे. मोबाईलवर ‘व्हिटॅमिनने लिव्हर खराब होते’ असे काहीतरी फिरते आहे आणि त्यामुळे गरोदर बायका लाल गोळ्या घ्यायला तयार नाहीत. लहान मुलांना अ जीवनसत्त्वाचा डोस द्यायलाही काही आया नाही म्हणतात. त्यांना काय सांगू? — एक ताई, गेवराई तालुका, जि. बीड

उत्तर : ताई, आपले पत्र मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. अतिरेकाविषयी लिहिताना माझी भीती हीच असते की ज्यांना औषधाची खरी गरज आहे त्यांनीच ते टाकून द्यावे. लाल गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असते. ती गरोदरपणात चौथ्या महिन्यापासून रोज एक याप्रमाणे १८० दिवस आणि बाळंतपणानंतर पुन्हा १८० दिवस घ्यायची असते. ऊसतोडीला जाणाऱ्या बाईला तर ती सोबत बांधून द्यायला हवी. या मात्रेने यकृत खराब होत नाही. शौचाला काळे होते, थोडे मळमळते, ते सांगून ठेवा. एक धोका मात्र खरा आहे आणि तो आईला नसून घरातल्या रांगत्या मुलाला आहे. साखरेचा थर असलेली ती लाल गोळी मुलाला चॉकलेटसारखी दिसते, आणि मूठभर गोळ्या पोटात गेल्या तर लोहाच्या विषबाधेने मूल दगावू शकते. गोळ्या फडताळात, उंचावर ठेवायला सांगा. मुलाने गिळल्याची नुसती शंका आली तरी उलटी होण्याची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

अ जीवनसत्त्वाचा सरकारी डोस नवव्या महिन्यात १ लाख एकके आणि त्यानंतर दर सहा महिन्यांनी २ लाख, असा पाच वर्षांपर्यंत नऊ वेळा मिळून १७ लाख एकके असतो. आकडा ऐकून आई घाबरते हे मी समजू शकतो. पण हे जीवनसत्त्व यकृतात साठते आणि पुढचे काही महिने पुरते, म्हणून तर मध्ये सहा महिन्यांचे अंतर ठेवले आहे. एखाद्या मुलाला त्या दिवशी उलटी किंवा डोकेदुखी होते, ती दिवस-दोन दिवसांत थांबते. आपण जपायचे ते एवढेच की कार्डावर नोंद केल्याशिवाय पुन्हा डोस जाऊ नये, विशेषतः मूल मामाच्या गावाहून किंवा कारखान्यावरून परत आले असेल तेव्हा.

गरोदर बाईने मात्र अ जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रेच्या गोळ्या स्वतःहून कधीही घेऊ नयेत. दिवसाला १०,००० एककांवर तयार अ जीवनसत्त्व गेले तर पहिल्या महिन्यांत गर्भात व्यंग निर्माण होण्याचा धोका असतो. मुरुमांसाठी दिले जाणारे आयसोट्रेटिनॉइन त्याच कुळातले आहे, ते तर गरोदरपणात पूर्ण वर्ज्य. हे निर्बंध गोळीचे आहेत, भाजीचे नाहीत. शेवग्याचा पाला, मेथी, गाजर, पपई, केसर आंबा यांतून मिळणाऱ्या पिवळ्या-केशरी द्रव्यापासून शरीर स्वतःला हवे तेवढेच अ जीवनसत्त्व बनवते. फार तर तळहात पिवळसर दिसतील.

प्रश्न : मी बिडी ओढतो, सोडवत नाही. निदान फुप्फुसे चांगली राहावीत म्हणून बीटा-कॅरोटीन आणि ई जीवनसत्त्व असलेली अँटिऑक्सिडंट कॅप्सूल घेतो. योग्य आहे का? — एक वाचक, जिंतूर

उत्तर : नाही, ती कृपया आजच बंद करा. फिनलंडमध्ये २९ हजारांहून अधिक धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर हाच विचार तपासून पाहिला गेला. १९९४ मध्ये निष्कर्ष आले तेव्हा बीटा-कॅरोटीनच्या गोळ्या घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्के अधिक आढळला. अमेरिकेतील तशाच दुसऱ्या चाचणीतही हानी दिसल्याने ती १९९६ मध्ये मुदतीआधी थांबवावी लागली. ई जीवनसत्त्वाच्या रोज ४०० एककांनी पुरुषांत प्रोस्टेटचा कर्करोग १७ टक्क्यांनी वाढल्याचे २०११ मध्ये दिसून आले, आणि रक्त पातळ करणारे औषध चालू असेल तर ई ने रक्तस्रावाचा धोकाही वाढतो. बिडी सुटत नाही याबद्दल मी आपल्याला दोष देत नाही. जिल्हा रुग्णालयात तंबाखूमुक्ती केंद्र असते, तेथे जा आणि एकदा जमले नाही तर पुन्हा जा.

प्रश्न : मला दोनदा मुतखडा झाला आहे. कोरोनाच्या वेळेपासून क जीवनसत्त्वाची ५०० ची गोळी रोज दोनदा चघळतो. चालेल का? — एक वाचक, जालना

उत्तर : चालणार नाही. क जीवनसत्त्वाची गरज दिवसाला शंभर मिलिग्रॅमच्या आतबाहेर असते. जादा क चा काही भाग शरीरात ऑक्झलेट बनून लघवीत उतरतो, आणि बहुतेक मुतखडे कॅल्शियम ऑक्झलेटचेच असतात. आपल्याकडे उन्हाळ्यात घामाने आधीच लघवी कमी आणि घट्ट होते, त्यात ही भर घालायला नको. विरघळून पिण्याच्या गोळ्यांत सोडियमही असते, ते रक्तदाबाच्या रुग्णाला त्रासाचे. एक पेरू किंवा एक आवळा आपली दिवसाची गरज भागवतो, आणि जालन्यात राहून मोसंबीसाठी तर लांब जावे लागत नाही. गेल्या वेळच्या खड्याचे पृथक्करण करून घेतले असेल तर तो अहवाल पुढच्या तपासणीला सोबत न्या. नसेल, तर या वेळी पडलेला खडा टाकून न देता डबीत जपून ठेवा. पाणी इतके प्या की लघवी दिवसभर फिकट राहील.